दस्तुरी नाक्याच्या पलीकडे

दिवाळीचा फराळ उरकला, पाहुणेरावळे परतले, की आमच्या वऱ्हाडात सहलीचे वारे सुटते. शेगाव, नांदुरा, मलकापूर येथून मुंबईकडे जाणाऱ्या गाड्यांत त्या दिवसांत पाय ठेवायला जागा नसते. त्यांतली काही कुटुंबे कल्याणला उतरतात, कर्जतची लोकल पकडतात आणि नेरळला पोहोचतात. तेथून वर माथेरान. मुलांना घोड्यावर बसायचे असते, वडीलधाऱ्यांना गार हवा खायची असते, आणि घरच्या कर्त्याला हिशेब हाताबाहेर जाऊ नये एवढीच इच्छा असते. घाट चढून मोटार दस्तुरी नाक्यावर येते आणि थांबते. तेथून पुढे तिला मज्जाव आहे. सामानसुमान खाली उतरते, लहान मूल कडेवर येते आणि कर्ता पुरुष आजूबाजूला पाहून विचारतो, "आता पुढे कसे?"

प्रश्न साधा आहे. परंतु गेली पावणेदोनशे वर्षे माथेरानचा सारा इतिहास या एकाच प्रश्नाभोवती फिरत आला आहे. मोठमोठ्या शहरांतले नगररचनाकार अलीकडे सांगू लागले आहेत की, गावाच्या मध्यभागातून मोटार हद्दपार करा, रस्ते माणसांना परत द्या. विचार मोठा गोड आहे. मोटारीच्या भोंग्याने ज्याची दुपारची झोप मोडली असेल असा कोणीही त्याला मान डोलावील. पण मोटार गेली म्हणून ओझे जात नाही. ते कोणाच्या तरी पाठीवर जाते. ती पाठ कोणाची, हे ज्याला पाहायचे असेल त्याने परदेशी नकाशे उलगडण्याआधी आपल्या माथेरानचा जमाखर्च पाहावा.

बुलढाणा जिल्ह्यात बसून हा उद्योग कशाला, असे कोणी विचारील. त्याला माझे उत्तर असे की, आमच्या जिल्ह्याच्या मुख्य गावाला रेल्वे नाही. मलकापूरला उतरले तर राजूर घाट चढायचा आणि खामगावकडून निघाले तर बोथ्याचा. चढ, ओझे आणि वाहन यांचे नाते घाटावरच्या माणसाला पुस्तकातून शिकावे लागत नाही. आणि वाहतुकीची आखणी नेमकी कोणासाठी होते, हे तर आम्ही फार पूर्वीच पाहिले आहे. १८६७ साली ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे नागपूरला पोहोचली. मलकापूर, नांदुरा, शेगाव तिच्या वाटेवर आली; पण कापसाची मोठी पेठ जे खामगाव, ते बाजूला राहिले. तेव्हा जलंबपासून आठ मैलांचा फाटा टाकण्यात आला आणि १८७० साली त्याचे उद्घाटन करायला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो खामगावी आले. आठ मैलांसाठी व्हाइसरॉय! ही धावपळ माणसांसाठी नव्हती, रुईच्या गाठींसाठी होती. खामगावहून पुढे जालन्यापर्यंत रेल्वे न्यावी ही माणसांची मागणी मात्र शंभर वर्षांहून जुनी झाली तरी मागणीच राहिली.

माथेरानची गोष्ट १८५० च्या मे महिन्यात सुरू होते, असे पुस्तके सांगतात. ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांचा मुक्काम डोंगराच्या पायथ्याशी चौक या गावी होता. उन्हाळ्याने हैराण झालेल्या साहेबाने समोरचा झाडीने भरलेला सपाट माथा पाहिला आणि तो चढून गेला. वर त्याला गर्द रान, तांबडी माती आणि गार वारा सापडला. याला 'माथेरानचा शोध' म्हणतात. माथ्यावरचे रान ते माथेरान, हे नाव साहेब येण्याआधीच तेथे होते आणि ठाकूर, कातकरी व धनगर त्या रानात पिढ्यान् पिढ्या वावरत होते. तेव्हा शोध कोणी कोणाचा लावला हे वाचकांनीच ठरवावे. मॅलेटने वर घर बांधले. पुढे मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन यांनी मन घातले आणि मुंबईतले गोरे अधिकारी व धनिक शेठ यांचे उन्हाळी गाव तेथे वसले.

हे गाव वसले ते पायवाटांवर. नेरळहून वर जाणारी सहा-सात मैलांची वाट तट्टाला आणि पालखीला पुरेल एवढीच. साहेब घोड्यावर, मडमा पालखीत किंवा खुर्चीत, आणि त्यांच्या पेट्या हमालांच्या डोक्यावर. त्या काळच्या प्रवासवर्णनांत झाडांची, पाखरांची, सूर्यास्ताची वर्णने पुष्कळ आढळतात. पालखीखाली घामाघूम झालेल्या भोयाचा उल्लेख आला तर तो बहुधा दर सांगण्यापुरता. तरीही एक गोष्ट खरी की, मोटारीचा जन्म होण्याआधीच माथेरानची अंगकाठी ठरून गेली होती. रस्ते अरुंद, झाडे रस्त्याच्या मध्यापर्यंत आलेली, घरे विखुरलेली. मोटार पुढे आली तेव्हा तिला आत शिरायला जागाच नव्हती.

त्याआधी आली ती रेल्वे, आणि तिची हकीकत मोठी रसाळ आहे. मुंबईचे बोहरी व्यापारी सर आदमजी पीरभॉय यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनी नेरळहून माथेरानवर गाडी नेण्याचा ध्यास घेतला. वडिलांनी पैसा उभा केला, सोळा लाख रुपये. त्या काळचे सोळा लाख! सल्लागार इंजिनीअर होते एव्हरार्ड कॅलथ्रॉप. हे नाव आमच्याकडच्या वारकऱ्यांना ठाऊक नसले तरी त्यांच्या आजा-पणजांनी त्यांच्या कामाचा लाभ घेतलेला आहे. कुर्डुवाडीहून पंढरपूरला नेणारी ती बार्शी लाइट रेल्वे यांचीच. माथेरानचे काम १९०४ मध्ये सुरू झाले आणि २२ मार्च १९०७ रोजी गाडी सुरू झाली.

रुळांतले अंतर अवघे दोन फूट. उंची चढायची ती सुमारे अडीच हजार फूट. सरळ जावे तर इंजिन घसरते, म्हणून मार्ग डोंगराच्या अंगाखांद्यावरून वळसे घेत नेला आणि पायवाटेने सहा-सात मैलांचे अंतर रुळाने साडेबारा मैलांचे झाले. अंतर वाढवून चढ विकत घेतला, असे म्हणायला हरकत नाही. वर्गात मी हे गणित फळ्यावर मांडून दाखवतो: साडेबारा मैल म्हणजे सहासष्ट हजार फूट, त्याला अडीच हजारांनी भागले की सरासरी सव्वीस फुटांना एक फूट चढ येतो, आणि सर्वांत कठीण जागी वीस फुटांना एक. वळणे दोनशेंहून अधिक. अशा वळणांवर साध्या इंजिनाची चाके अडकून पडली असती, म्हणून जर्मनीतील ओरेनस्टाइन आणि कॉपेल कारखान्याने खास इंजिने बनवून दिली. त्यांची पहिली व शेवटची चाके आपल्या जागी किंचित डावी-उजवीकडे सरकत आणि रुळाच्या वळणाला अंग मोडून साथ देत. ज्याने बैलजोडी आखूड वळणावरून वळवली आहे त्याला यातली युक्ती चटकन कळेल.

ही गाडी म्हणजे मोटारीविना गावाला लाभलेले पहिले सार्वजनिक वाहन. पालखी एकाची, गाडी सर्वांची. पण तिलाही मर्यादा होत्या आणि आहेत. जून ते ऑक्टोबर घाटात दरडी आणि ओढे यांचे राज्य असते, म्हणून नेरळकडची गाडी बंद ठेवावी लागते. २६ जुलै २००५ च्या महापुरात मार्ग जागोजाग वाहून गेला आणि गाडी पुन्हा धावली ती ५ मार्च २००७ रोजी, शंभरी भरायला अवघे काही दिवस उरले असताना. २०१६ च्या मे महिन्यात दोनदा डबे घसरले आणि गाडी बंद झाली. २०१९ च्या पावसाने पुन्हा मार्ग उखडला, तो २०२२ च्या ऑक्टोबरात जुळला. मधल्या काळात दस्तुरीजवळच्या अमन लॉज स्थानकापासून माथेरानपर्यंतची छोटी फेरी काय ती आधाराला. शिवाय गाडी स्थानकापर्यंत पोहोचवते; स्थानकापासून घरापर्यंत, दवाखान्यापर्यंत, शाळेपर्यंत कोण पोहोचवणार? एका दोरीवर सगळे गाव टांगले की दोरी तुटल्यावर काय होते, हे माथेरानकरांनी वारंवार भोगले.

या उणिवेत हातरिक्षा टिकून राहिली. 'रिक्षा' हा शब्द आता इतका आपला झाला आहे की तो जपानी आहे हे आपण विसरलो. मूळ शब्द 'जिन-रिकी-शा'. जिन म्हणजे माणूस, रिकी म्हणजे बळ, शा म्हणजे वाहन. जपानात १८७० च्या सुमारास हे वाहन निघाले आणि आशियाभर पसरले. आपल्या तोंडी येईपर्यंत शब्दातला 'माणूस' तेवढा गळून पडला. भाषेतून गळाला, दांड्यांमधून मात्र तो सुटला नाही. माथेरानच्या तांबड्या, खडबडीत चढावर एकाने पुढून ओढायचे आणि दोघांनी मागून रेटायचे, असे हे वाहन चाले. उतारावर तर याहून कठीण, कारण तेथे रिक्षा ओढायची नसते, अडवायची असते.

काही वर्षांपूर्वी आमच्या शाळेची सहल तेथे गेली होती. मुले शेतकऱ्यांची. अशीच एक रिक्षा चढ चढत होती, आत एक स्थूल गृहस्थ आणि त्यांच्या मांडीवर बॅग. आठवीतल्या एका मुलीने मला विचारले, "सर, याला बैल का नाही जोडत?" मी काही बोलण्याआधीच तिच्या मैत्रिणीने उत्तर दिले, "बैल महाग पडत असतील." दोघी पुढे चालू लागल्या. थट्टा नव्हती, दोघींच्या घरी बैलाच्या किमतीची चर्चा नेहमीची होती.

कायद्याच्या बाजूने पाहू जाता माथेरानवर शेवटचा मोठा शिक्का ४ फेब्रुवारी २००३ रोजी बसला. केंद्र सरकारने हा परिसर संवेदनशील म्हणून घोषित केला आणि रुग्णवाहिका, अग्निशामक अशी निकडीची वाहने सोडून मोटारींना बंदी कायम केली. रान वाचले हे उत्तम झाले, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. परंतु या बंदीचा खर्च कोणाच्या नावे पडला? मोटार नको हे ठरवणारे बहुतेक पाहुणे होते आणि शनिवारी येऊन रविवारी परत जात होते. बारा महिने राहणारी चार-साडेचार हजार माणसे आजारी पडत होती, बाळंत होत होती, म्हातारी होत होती.

सर्वोच्च न्यायालयात ई-रिक्षेची मागणी घेऊन गेलेल्यांत एक निवृत्त शिक्षक होते, याचा आमच्या व्यवसायातल्या माणसाला अभिमान वाटला तर तो क्षम्य समजावा. २०२२ च्या मे महिन्यात न्यायालयाने प्रयोगाला परवानगी दिली आणि त्या डिसेंबरात सात ई-रिक्षा दस्तुरीहून गावात फिरू लागल्या. भाडे पस्तीस रुपये. शाळेच्या मुलांना पाच. मला सगळ्या प्रकरणात हा पाचाचा आकडा फार आवडला. आजवर माथेरानच्या प्रत्येक वाहनाचा दर पाहुण्याकडे पाहून ठरत आला होता. पाटीदप्तर घेऊन चढ चढणाऱ्या मुलाकडे पाहून ठरलेला हा दर निराळा होता. तीन महिन्यांनी प्रयोग थांबला, पुन्हा तारखा पडल्या, रिक्षांची संख्या वीसवर बांधून देण्यात आली.

मग ६ ऑगस्ट २०२५ रोजी निकाल आला. सरन्यायाधीश होते भूषण गवई, म्हणजे आमच्या अमरावतीचे. वऱ्हाडी माणसाने तेवढे सांगितल्याशिवाय राहू नये. माणसाने माणसाला ओढण्याची ही रीत सहा महिन्यांच्या आत बंद करा, असे न्यायालयाने शासनाला बजावले. ज्यांच्या हातातले दांडे सुटणार त्या हातरिक्षाचालकांनाच, त्यांची नीट ओळख पटवून, ई-रिक्षा द्या. उरलेल्या आदिवासी महिलांना व इतर गरजूंना द्या. गुजरातेत केवडियाला स्थानिक महिलांना ई-रिक्षा भाड्याने देण्याची रीत आहे, तीच येथे लावा. आणि पैसे नाहीत ही सबब ऐकली जाणार नाही. निकालात १९८० च्या एका जुन्या खटल्याची आठवण काढली आहे. पंजाबातल्या सायकलरिक्षा चालवणाऱ्यांना त्या वेळी न्यायालयाने रिक्षेचे मालक होण्याची वाट करून दिली होती. तेव्हापासून पंचेचाळीस वर्षे लोटली आणि हाताने ओढायची रिक्षा चालूच राहिली.

माथेरानात परवानाधारक हातरिक्षा होत्या चौऱ्याण्णव. एवढ्या लहान आकड्याला एवढा मोठा काळ का लागला, याचा विचार केला की मन उदास होते. कारण असे दिसते की, आपण मोटारीला बंदी घालताना निसर्ग मोजला, पाहुणे मोजले, उत्पन्न मोजले आणि रिक्षा ओढणारी माणसे सर्वांच्या शेवटी मोजली.

याचा अर्थ ई-रिक्षा आली आणि सारे गोड झाले, असा मुळीच नाही. घोडेवाल्यांचे काय? माथेरानचे अश्वपाल वाहनाला विरोध करतात तेव्हा शहरी वर्तमानपत्रे त्यांना अडाणी ठरवून मोकळी होतात. घोड्याला पाहुणे आले नाहीत तरी चंदी लागते, पावसाळ्यात रिकामा बसला तरी नाल ठोकावी लागते. शेतकऱ्याच्या बैलाचे जे, तेच त्याचे. दुसरीकडे घोड्यांची लीद वाळून मातीत मिसळते आणि ती तांबडी धूळ गावकऱ्यांच्या छातीत जाते, हेही खरेच. रस्त्यावर विटांचे ठोकळे बसवावेत की माती तशीच ठेवावी, याचा वादही न्यायालयापर्यंत गेला. दस्तुरीपासून गावातल्या शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापर्यंत ठोकळे चालतील, आतल्या वाटांवर नकोत, असा निवाडा झाला. घोड्याच्या टापेला एक रस्ता हवा, रिक्षेच्या चाकाला दुसरा, आणि झाडाच्या मुळांना तिसरा. तिघांचे जमवणे म्हणजे घरातल्या तीन पिढ्यांना एका टीव्हीसमोर बसवण्यासारखे आहे.

आणखी एक गोष्ट नकाशे काढणाऱ्यांच्या ध्यानात सहसा येत नाही. त्यांच्या चित्रांत प्रवासी असतात, हातात छत्री असते, फार तर एखादी पिशवी. पण गावाला रोज गॅसची टाकी लागते, तांदळाचे पोते लागते, सिमेंट लागते, आणि संध्याकाळी कचरा बाहेर जावा लागतो. माथेरानात हे सारे दस्तुरीवर उतरते आणि तेथून घोड्यांच्या पाठीवर, हातगाड्यांवर आत जाते. पाहुण्याला चहाचा कप महाग वाटतो तेव्हा त्याने त्या कपातल्या साखरेचा दस्तुरीपासूनचा प्रवास आठवावा. मोटारीविना गावाची वाहतूक आखायची तर आधी मालाची आखावी लागते. माणसे निदान पायांनी चालू शकतात.

परदेशातही ज्यांनी हे साधले त्यांनी हीच काळजी घेतली. स्वित्झर्लंडमधले झेर्मात हे माथेरानचे श्रीमंत भावंड म्हणावे. तेथे १८९१ मध्ये रेल्वे पोहोचली; आजही मोटारी पाच किलोमीटर अलीकडे टेश येथे ठेवाव्या लागतात आणि गावात विजेवर चालणाऱ्या लहान गाड्या माणसांची ने-आण करतात, मालही वाहतात. स्लोव्हेनियाची राजधानी ल्युब्ल्याना हिने २००७ पासून आपला जुना मध्यभाग मोटारींना बंद केला. तेथे म्हाताऱ्यांसाठी, अपंगांसाठी छोट्या विजेच्या गाड्या फिरतात. हात केला की थांबतात आणि पैसे घेत नाहीत. तिचे नाव 'कावालिर', म्हणजे अदबशीर सद्गृहस्थ. आजीबाईंना पेठेतून घरी पोहोचवणाऱ्या गाडीला सद्गृहस्थ म्हणणाऱ्या लोकांचे मला कौतुक वाटते.

आता आमच्या घराकडे वळतो. शेगावी गजानन महाराजांचे मंदिर आणि रेल्वे स्थानक यांतले अंतर चालत जाण्याजोगे आहे. महाराजांची पालखी तर दरवर्षी येथून पंढरपूरपर्यंत पायी जाते. चालण्याचे वावडे असलेले हे गाव नव्हे. प्रगटदिनाला, रामनवमीला, ऋषिपंचमीला मंदिराभोवतीच्या गल्ल्यांत मोटारींनी शिरणे म्हणजे सुईच्या नेढ्यात दोर ओवणे. स्थानक ते मंदिर अशी संस्थानची मोफत बस आहे, तेव्हा पहिले पाऊल आधीच पडलेले आहे. उद्या मंदिराभोवतीचा भाग मोटारींना कायमचा बंद झाला, तर मी सर्वांत आधी टाळ्या वाजवीन. मात्र बंदीची पाटी रंगवण्याआधी तीन-चार गोष्टी पाहाव्यात असे वाटते. बाहेरच्या गावाहून येणाऱ्या गाड्यांचा तळ किती दूर, आणि तेथून म्हातारी आई गुडघे धरून किती वेळ उभी राहील? बस दर किती मिनिटांनी? प्रसादाचा शिधा आणि दुकानांचा माल पहाटे कोणत्या वाटेने आत येईल? स्थानकाबाहेर रिक्षा लावून पोट भरणाऱ्यांना नव्या गाड्यांवर आधी घेतले जाईल की पाटी लागल्यानंतर त्यांनी न्यायालयाची पायरी चढायची?

यातल्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आकड्यांशिवाय देता येत नाही आणि असे आकडे आपणहून कोणी गोळा करीत नाही. आमची शाळा खामगाव तालुक्यात, शेगाव तेथून जवळच. सुटी संपली की नववीच्या वर्गाला हा प्रकल्प देणार आहे. एका गुरुवारी, महाराजांचा वार असल्याने त्या दिवशी गर्दी असते, सकाळी सातपासून दुपारी बारापर्यंत मुले स्थानकाबाहेर वही घेऊन उभी राहतील. वहीत रकाने चारच: चालकाचे वय, रिक्षा स्वतःची की भाड्याची, दिवसाच्या खेपा, आणि घरी खाणारी तोंडे.